न वाचलेली वही





गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक छोटा वर्ग चालला, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी सात ते साडेआठ. परभणीच्या मे महिन्यात साडेआठनंतर पत्र्याखाली कोणाला बसवत नाही, म्हणून ही वेळ. चौदा मुले आणि सहा माता येत असत. चित्र काढणे आणि रोजनिशी लिहिणे एवढाच विषय. मात्र चित्र सुंदर यावे म्हणून नव्हे, आणि शुद्धलेखन सुधारावे म्हणूनही नव्हे. शांत बसून समोरचे नीट पाहावे, आपल्या आत काय चालले आहे तेही पाहावे आणि ते कागदावर उतरवावे, यासाठी. हल्ली याला माइंडफुलनेस म्हणतात. आपण सजगता म्हणू.

हा वर्ग सुरू करण्याआधी आम्ही, म्हणजे तुमचे धर्मगुरू आणि कॉन्व्हेंटमधील दोन सिस्टर्स, चार दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलो होतो. तेथे पहिल्याच सकाळी प्रत्येकाच्या हातात कडुलिंबाची एक डहाळी देण्यात आली आणि अर्धा तास तीच पाहून काढायला सांगितले. पाचव्या मिनिटाला आम्हांला घड्याळ आठवले, दहाव्या मिनिटाला धर्मग्रामाचा हिशेब. अर्ध्या तासाने आमच्या कागदावर जी पाने होती, ती हातातल्या डहाळीची नव्हतीच. पान कसे असते हे लहानपणापासून जे मनात ठरून गेले आहे, तीच पाने आम्ही काढली होती. दररोज पहाटे ध्यानप्रार्थनेला बसणाऱ्या माणसांची ही अवस्था! तेव्हा कळले की आपण पुष्कळदा माणसेही अशीच पाहतो. समोरचा माणूस राहतो बाजूला, आणि आपल्या मनात ठरून गेलेला माणूस आपण पाहत असतो.

तरीही आम्ही परतलो ते शिकवायच्या घाईने. आणि शिकवताना आमच्या हातून एक चूक झाली. त्या चुकीतून एक प्रश्न उभा राहिला, त्याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. प्रश्न असा: दुसऱ्याला स्वतःच्या अंतःकरणात पाहायला शिकवणाऱ्याला, त्या अंतःकरणात डोकावण्याचा अधिकार मिळतो का?

झाले असे. वर्ग संपला की मुले आपापल्या वह्या टेबलावर ठेवून जात. तिसऱ्या आठवड्यात आमच्यापैकी एकाने एक वही उघडून वाचली. कोणी, हे लपवण्याचे कारण नाही, तुमच्या धर्मगुरूंनीच. हेतू वाईट नव्हता. मुलांना जमते आहे की नाही, ते पाहावे, एवढेच मनात होते. एका मुलीने घरातल्या एका दुःखाविषयी दोन पाने लिहिली होती. काय लिहिले होते ते येथे सांगणार नाही. तिच्या जिवाला धोका आहे असे त्यात काही नव्हते. एका लेकराचे दुःख होते. आमच्याने राहवले नाही. दोन दिवसांनी घरभेटीच्या वेळी आम्ही तिच्या घरातल्या मोठ्या माणसाशी त्याबद्दल बोललो. फार हळुवार शब्दांत, पण बोललो.

मुलगी वर्गाला येत राहिली. वहीही टेबलावर ठेवत राहिली. पण त्यानंतरच्या पानांवर काय असे? सुविचार. फळ्यावर लिहितात तसे. "आज मी प्रार्थना केली. आज मी आईला मदत केली. खरे बोलावे." पुन्हा ती वही आम्ही उघडली, ही दुसरी चूक; पण तिने आम्हांला पहिली चूक दाखवून दिली. मुलगी आता स्वतःसाठी लिहीत नव्हती. फादरांसाठी लिहीत होती. तिला आत पाहायला शिकवायला निघालेल्या आम्ही, आतले झाकायला कसे, हेच तिला शिकवले होते.

बंधू-भगिनींनो, आपल्या मराठवाड्याच्या मातीत हे वही-पेन्सिलीचे शिक्षण खरेच इतके नवीन आहे का? वर्गातल्या एका आजींनी पहिल्याच दिवशी विचारले, "कामून हो फादर, आमच्या हातात वही देता? आम्ही तं जात्यावरच समदं सांगून मोकळ्या होत होतो." आजींनी आम्हांला एका वाक्यात धडा दिला.

पहाट होण्याआधी घरातली बाई जात्यापाशी बसे. कधी समोर जाऊ किंवा शेजारीण असे, कधी कोणी नसे. हात खुंट्याला, आणि तोंडी ओवी. माहेर, भाऊ, लेकीचे सासर, नवऱ्याचा राग, देव, पाऊस, सारे त्या ओवीत येई. जे सासूला सांगता येत नव्हते आणि नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता, ते जात्याला सांगितले जाई. आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंचे नाव तर दळण-कांडणापासून वेगळे करताच येत नाही. त्या नामदेवांच्या घरी राबत होत्या. शेण, पाणी, झाडलोट आणि दळण यांतच त्यांना आपला देव सोबत करताना दिसला. त्यांना ध्यानासाठी वेगळी खोली मिळाली नव्हती. हातातले काम हीच त्यांची खोली होती.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. 1996 साली पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. सीतेच्या वनवासाचे दुःख त्यांत आहे. शाळेत वही धरायला न मिळालेल्या असंख्य बायकांनी केवढी मोठी रोजनिशी रचली होती, ते या संग्रहामुळे कळते.

पण येथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. या अभ्यासकांना ओव्या मिळाल्या, त्या बायकांनी गाऊन दिल्या म्हणून. दिलेली ओवी आणि टेबलावरून उचललेली वही या एक गोष्टी नव्हेत. पहिलीत देणारी व्यक्ती आपल्या शब्दांची मालकीण राहते. दुसरीत ती राहत नाही. जात्याचा मोठा गुण कोणता? ते ऐकून घेते, फिरत राहते, आणि घरभेटीला जाऊन कोणाला सांगत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेतही या विषयाचे एक मोठे गुरू आहेत, संत इग्नेशियस लोयोला. स्वतःच्या मनातल्या हालचाली टिपून ठेवण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. 1544 आणि 1545 या वर्षांतल्या त्यांच्या आध्यात्मिक रोजनिशीचा काही भाग आजही उपलब्ध आहे. पण शिकवण्याचा अधिकार त्यांना सहज मिळाला नाही. 1527 साली स्पेनमधील अल्काला येथे, पुरेसे शिक्षण नसताना लोकांना आध्यात्मिक साधना शिकवतो म्हणून त्यांना कैदेत ठेवले गेले. त्याआधी बार्सिलोनात, वयाची तिशी उलटल्यावर, ते लहान मुलांबरोबर बाकावर बसून लॅटिन शिकले होते. 1528 मध्ये ते पॅरिसला गेले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. ज्याला शिकवायचे आहे त्याने आधी शिकावे, हे त्यांना वर्षानुवर्षे खालच्या बाकावर बसून पटले.

त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्याच्या आरंभी मार्गदर्शकासाठी काही सूचना आहेत. सेमिनरीत आम्ही त्या परीक्षेपुरत्या वाचल्या होत्या. या उन्हाळ्यानंतर पुन्हा काढून वाचल्या, तेव्हा त्या जणू आमच्यासाठीच लिहिल्या आहेत असे वाटले. त्यांचा आशय असा: मार्गदर्शकाने थोडक्यात सांगावे, कारण जे माणसाला स्वतःला सापडते तेच त्याचे पोट भरते. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे आणि निर्मात्याला त्याच्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा. आणि साधकाच्या मनात कोणत्या लाटा उठत आहेत हे त्याच्याकडून जाणून घेणे उपयोगाचे असले, तरी त्याचे खाजगी विचार आणि पापे खणून काढायला जाऊ नये. पाहा, पाचशे वर्षांपूर्वीच आमच्या चुकीचे उत्तर लिहून ठेवलेले होते.

येथे कोणी रास्त शंका घेईल. पहिली शंका अशी: वही वाचायचीच नाही, तर शिकवायचे कसे? गणिताची वही तपासल्याशिवाय मास्तरांना चूक कशी कळणार?

याचे उत्तर असे की गणित आणि लक्ष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गणिताचे उत्तर मास्तरांना आधीच ठाऊक असते. त्या मुलीच्या मनात काय आहे, याचे उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते; ते फक्त तिला आणि देवाला ठाऊक होते. मग चूक-बरोबर कोण ठरवणार? फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी 1942 साली शाळेतल्या अभ्यासाविषयी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की अभ्यासाचे खरे फळ उत्तरात नसून, लक्ष देण्याची जी शक्ती त्यातून वाढते त्यात आहे. आणि हेच लक्ष प्रार्थनेचे सार आहे, व दुःखी माणसाला मदत करण्याचेही. हे खरे असेल, तर लक्ष शिकवणाऱ्याचे काम तपासण्याचे नाही. त्याचे काम जागा, वेळ आणि भरवसा देण्याचे आहे. शेतकरी बी रुजले का ते पाहण्यासाठी रोज माती उकरत नाही. उकरली, तर रुजणारेही जळून जाते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. लेकराला कोणी इजा करत असेल, किंवा त्याच्या मनात जीव देण्याचा विचार असेल, आणि ते फक्त वहीत असेल, तर? आपल्या भागात कर्जापायी आणि नापिकीपायी किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे आपण जाणतो. या प्रश्नाकडे पाठ फिरवून आम्हांला झोप लागणार नाही.

म्हणून दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. पापनिवेदनाची गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. तो संस्कार आहे. रोजनिशीचा वर्ग हा संस्कार नव्हे. तेथे शिकवणाऱ्याने पूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये, कारण ते त्याला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा समजल्यावर तो कळवणे बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी विवेकबुद्धीने तेच सांगितले असते. मग करायचे काय? पहिल्या दिवशीच सरळ सांगायचे: "वही तुझी आहे. आम्ही ती उघडणार नाही. तुला वाटले तर तू होऊन दाखव. पण तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असे तू सांगितलेस, तर आम्ही गप्प बसणार नाही; काय करणार आहोत ते आधी तुला सांगू." एवढे सांगितल्यावर लेकरू फसत नाही. काय दाखवायचे आणि काय नाही, ते त्याच्या हातात राहते. आणि ज्याला भरवसा वाटतो, ते लेकरू संकटात स्वतः येऊन बोलते. चोरून वाचणाऱ्याकडे कोणी येत नाही. तेव्हा लेकराचे रक्षणसुद्धा भरवशातूनच अधिक होते.

तिसरी एक शंका आमच्याच मनात होती. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, जिच्या घरी नळाला पाणी नाही, जिचे आई-वडील ऊसतोडीला जाऊन सहा-सहा महिने कोपीत राहतात, तिला पान काढायला आणि मन लिहायला सांगणे, ही थट्टा तर नव्हे? हे पोट भरलेल्यांचे लाड तर नव्हेत?

ही शंका सहज सोडून देण्यासारखी नाही. वहीने कर्ज फिटत नाही. मन शांत करा, असे सांगून अन्यायाशी जमवून घ्यायला लावणारी सजगता आपल्याला नको. पण 1855 साली काय घडले ते आठवा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीने, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो छापला. त्या मुलीने आपल्या लोकांचे दुःख डोळे न मिटता पाहिले, आणि ते पाहिले म्हणूनच ते अन्यायाच्या नावानिशी मांडता आले. तिला अक्षरे शिक्षकांनी दिली. पण दुःख तिच्या लोकांचे होते, आणि ते मांडणारे शब्द तिचे होते. शिक्षकाचे यश येथेच असते, की विद्यार्थी त्याने न सांगितलेले लिहितो. आपले दुःख ज्याला स्वतःला दिसत नाही, त्याला ते दुसऱ्यापुढे मांडता कसे येईल? आणि हेही लक्षात घ्या: मुक्ताने आपला निबंध जगापुढे ठेवला. तो तिच्या दप्तरातून कोणी काढून नेला नव्हता.

या सगळ्यानंतर आम्ही ठरवले की आधी आपणच रोजनिशी लिहायची. तीन महिने लिहिली. प्रामाणिकपणे सांगतो, पहिले कित्येक दिवस आम्हीही सुविचारच लिहीत होतो. पुढेमागे ही वही कोणाच्या हाती पडली तर त्याला आपण बरे दिसावे, ही इच्छा पेनाच्या टोकावर बसलेली असे. मग एका रात्री त्या मुलीविषयी लिहिताना एक वाक्य उतरले: आम्हांला तिच्या दुःखाची काळजी होती, पण दुःख दूर करणारे आपण ठरावे, ही हावही होती. हे वाक्य लिहायला जड गेले. पण ते लिहिल्यावरच आम्ही तिच्याकडे जाऊ शकलो.

आम्ही तिची क्षमा मागितली. फार काही बोललो नाही. ती थोडा वेळ खाली पाहत राहिली, मग म्हणाली, "फादर, वही परत द्या." आम्ही दिली. ती घेऊन ती घरी गेली. त्या वहीत पुढे काही लिहिले गेले, की ती चुलीत गेली, आम्हांला माहीत नाही. माहीत असण्याचा आमचा अधिकारही नाही. हा लेख लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईला विचारले. "लिहा, पण आत काय होते ते लिहू नका," असे ती म्हणाली. तेवढे पाळले आहे.

प्रभू येशूने स्वतः लिहिल्याचा शुभवर्तमानांत एकच प्रसंग आहे. योहानाच्या आठव्या अध्यायात, लोकांनी एका स्त्रीला पकडून आणून मध्ये उभे केले आहे. तिचे सारे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर मांडले आहे. तेव्हा प्रभू खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर लिहितो. काय लिहिले, ते योहान सांगत नाही. धुळीतली अक्षरे वाऱ्याने गेली असतील. पण सर्वांचे डोळे जिच्यावर रोखलेले होते, तिच्याकडे त्या क्षणी प्रभूने रोखून पाहिले नाही, एवढे आपल्याला दिसते. आणि शेवटी तो तिच्याशी बोलतो, तेव्हा भोवती ऐकणारे आरोप करणारे कोणी उरलेले नसतात. पवित्र मरियेनेही पुष्कळ गोष्टी मनात जपून ठेवल्या, असे लूक सांगतो. तिच्याकडे त्यांचा हिशेब कोणी मागितला नाही.

बंधू-भगिनींनो, येत्या सुट्टीत वर्ग पुन्हा सुरू करण्याचा विचार आहे. या वेळी वह्या टेबलावर राहणार नाहीत. ज्याची त्याने घरी न्यायची. चित्रांचे प्रदर्शन नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजींनी ओवी म्हणावी, नाहीतर दारात रांगोळी काढावी; रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसलीच जाते, आणि तरी ती रोज मनापासून काढली जाते. शिकवणारेही सर्वांबरोबर खाली बसून तेच पान काढतील. आम्हांला अजून ते नीट येत नाही.

या आठवड्यासाठी आपल्या घरी एवढेच करावे, ही विनंती. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे एक वही घ्या. आज काय पाहिले, कशाने आनंद झाला, कशाने मन दुखावले, ते देवासमोर लिहा. आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची वही समोर पडलेली दिसली, मुलाची, सुनेची किंवा नवऱ्याची, तर ती तशीच मिटलेली राहू द्या. त्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा तो बोलेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू